आधी बिटरेट, मग रिझोल्यूशन: कोकणात व्हिडिओ काढणाऱ्या नवख्यांसाठी

जत्रेतल्या दशावताराचा व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर पडतो आणि मुंबईहून कुणीतरी काका विचारतात, "अरे, फोरकेत काढलंस मां, मगे असा कित्याक दिसता?" प्रश्न रास्त आहे. फोनच्या सेटिंगमध्ये फोरके आहे, फाइल भलीमोठी झाली आहे, तरीही राक्षस तलवार परजत गोल फिरला की त्याच्या चेहऱ्याचे ठोकळे होतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं: रिझोल्यूशन वाढवलं, पण त्याला पुरेल एवढा बिटरेट कुठेतरी वाटेत मिळाला नाही. हे टाळायचं कसं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. महागडा कॅमेरा लागत नाही. फोन आणि साधा लॅपटॉप पुरे.

हे दोन आकडे काय करतात

रिझोल्यूशन म्हणजे एका फ्रेममध्ये, म्हणजे व्हिडिओतल्या एका चित्रात, किती पिक्सेल बसवले आहेत ते. ७२०पी म्हणजे १२८० गुणिले ७२०, साधारण ९.२ लाख पिक्सेल. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख. फोरके म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख, म्हणजे १०८०पीच्या बरोब्बर चौपट.

बिटरेट म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदासाठी किती डेटा खर्च होतो ते. तो मेगाबिट प्रति सेकंद, म्हणजे एमबीपीएसमध्ये मोजतात. इथे नवखे हमखास गडबडतात, कारण फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो आणि बिटरेट मेगाबिटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट. म्हणजे ८ एमबीपीएसचा व्हिडिओ सेकंदाला १ एमबी खातो, मिनिटाला ६० एमबी. तासाचा हिशेब तोंडी करायचा तर एमबीपीएसला ०.४५ ने गुणा, जीबी मिळतील. ८ एमबीपीएस म्हणजे तासाला ३.६ जीबी.

आता थोडं आत डोकावू. १०८०पीचा, सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ अजिबात न दाबता साठवायचा म्हटलं तर नेहमीच्या ८ बिट रंगपद्धतीत सेकंदाला साधारण ७४६ मेगाबिट लागतील. मिनिटाला साडेपाच जीबीच्या वर! तोच व्हिडिओ आपण ८ एमबीपीएसमध्ये बघतो आणि कुरकुरत नाही. ही नव्वद-एक पटींची काटछाट कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याचा ठरलेला प्रकार, करतो. एच.२६४ हा २००३ सालचा आणि आजही सगळीकडे चालणारा. एच.२६५ हा २०१३ चा. साधारण त्याच दर्जाला निम्म्याच्या आसपास बिटरेटमध्ये काम भागवतो. एव्ही१ हा २०१८ चा, आणखी काटकसरी.

कोडेकची युक्ती अशी की तो प्रत्येक फ्रेम नव्याने लिहीत बसत नाही. मधूनमधून एक पूर्ण फ्रेम लिहितो, तिला की-फ्रेम म्हणतात. पुढच्या फ्रेममध्ये मागच्यापेक्षा काय बदललं, कुठला तुकडा किती सरकला, एवढंच टिपतो. बदल कमी असेल तर खर्चही कमी. बदल जास्त आणि बिट कमी, अशी वेळ आली की तो बारीकसारीक तपशील सोडून देतो आणि चित्र चौकोनी तुकड्यांत ढोबळ रंगवतो. आपण ज्याला "व्हिडिओ फुटला" म्हणतो, ते हेच.

म्हणून बिटरेट तोच ठेवून रिझोल्यूशन चौपट केलं, तर पातेल्यातली आमटी तेवढीच आणि पंगत चौपट, अशी गत होते. ८ एमबीपीएसचं १०८०पी छान दिसतं. त्याच ८ एमबीपीएसमध्ये कोंबलेलं फोरके, पालखी नाचायला लागली की, त्याच्यापेक्षा वाईट दिसू शकतं.

पायरी १: हातातली फाइल तपासा

सेटिंग बदलण्याआधी सध्या काय चाललंय ते बघा. लॅपटॉपवर मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम टाका आणि फाइल त्यात उघडा. रिझोल्यूशन, कोडेक, फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम), बिटरेट, सगळं एका ठिकाणी दिसतं. व्हीएलसी असेल तर टूल्स मेन्यूतल्या कोडेक इन्फर्मेशनमध्येही बरंच कळतं.

काहीच नसेल तर गणित करा. फाइलचे एमबी गुणिले ८, भागिले एकूण सेकंद. ३ मिनिटांची फाइल ३६० एमबीची असेल, तर २८८० भागिले १८०, म्हणजे १६ एमबीपीएस. आता तोच व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला घ्या आणि पुन्हा मोजा. काकांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

पायरी २: समोर काय आहे ते बघा

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. नेटवरच्या तक्त्यांमध्ये "१०८०पीला एवढे एमबीपीएस" असं छापलेलं असतं, पण समोर काय चाललंय यावर तो आकडा दुपटीने इकडेतिकडे होतो. आणि कोकण हा कोडेकच्या दृष्टीने अवघड मुलूख आहे, हे मी जबाबदारीने सांगतो.

समुद्र घ्या. तारकर्लीला किंवा गुहागरला किनाऱ्यावर उभं राहून लाट फुटताना काढलीत, तर फेसाचा प्रत्येक ठिपका पुढच्या फ्रेममध्ये वेगळ्याच जागी असतो. "हा तुकडा तिकडे सरकला" ही कोडेकची सोय इथे चालत नाही, कारण तो तुकडा उरलेलाच नसतो. पावसाचंही तेच. आंबोलीतला धबधबा, वाऱ्यावर हलणारी माडांची झावळं, वाऱ्याने लवलवणारं भातशेत, शिमग्यात उधळलेला गुलाल: सगळे बिट खाणारे विषय. अशा ठिकाणी १०८०पीला ८ अपुरे पडतात. १२ ते १६ हाताशी असू द्या.

याच्या उलट टोकाला कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, कातळशिल्पातला हत्ती. जांभ्याचा पृष्ठभाग खडबडीत, तपशील भरपूर, पण हलत काहीच नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर की-फ्रेममध्ये एकदा तपशील लिहिला की पुढे जवळजवळ फुकट. तिथे खुशाल फोरके वापरा. रेषा जवळून दाखवायला नंतर क्रॉपही करता येईल. मात्र तोच हत्ती हातात फोन धरून चालत-चालत काढलात, तर सगळा दगड फ्रेमभर थरथरणार आणि फायदा गेला. ट्रायपॉड म्हणजे फुकटचा बिटरेट, असं मी शिकायला येणाऱ्यांना सांगतो.

दशावतार या दोन्हींच्या मधला. मागे पडदा, मध्ये बाकडं, त्यावर राजा बसून प्रधानाशी बोलतोय. या संवादाला ३-४ एमबीपीएससुद्धा पुरतात. मग मृदंग चढतो, युद्धाचा प्रवेश येतो, दोन पात्रं रंगमंचभर गरगर फिरतात, किरिटावरच्या आरशांत दिवे चमकतात. आता १५ दिले तरी ते वापरले जातील. म्हणूनच रेकॉर्डिंगला आणि एक्स्पोर्टला (एडिटिंगनंतर अंतिम फाइल काढताना) बदलता बिटरेट, म्हणजे व्हीबीआर, बरा. तो शांत प्रवेशात वाचवतो आणि युद्धात खर्च करतो. एकसारखा, म्हणजे सीबीआर, लाइव्हसाठी ठेवा.

आणि अंधार! रात्री उजेड कमी पडला की फोन आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, चढवतो आणि चित्रात बारीक दाणे येतात. हे दाणे दर फ्रेमला नवे असतात, त्यामुळे रिकाम्या काळ्या पडद्यावरसुद्धा कोडेकला पावसाइतकं काम पडतं. शक्य असेल तर मंडळाला सांगून समोरून एक दिवा वाढवून घ्या. त्या एका दिव्याने होतो तेवढा फरक फोनचं कुठलंही सेटिंग करत नाही.

पायरी ३: बघणार कुठे, ते ठरवा

सहा-साडेसहा इंचांच्या फोनवर हातभर अंतरावरून १०८०पी आणि फोरके यांतला फरक बहुतेकांना कळत नाही. फुटलेलं चित्र मात्र लहान पडद्यावरही लगेच डोळ्यात येतं. ग्रुपवरच जायचं असेल, तर चांगला बिटरेट असलेलं ७२०पी हा अजिबात कमीपणा नाही.

वाडीत प्रोजेक्टर लावून दाखवायचं असेल, तर प्रोजेक्टरचं नेटिव्ह, म्हणजे त्याचं स्वतःचं खरं, रिझोल्यूशन काय ते आधी वाचा. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर "फोरके सपोर्ट" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ फोरके फाइल घेतो, एवढाच. पडद्यावर पडतं ते १०८०पी, कधी ७२०पी, कधी त्याहूनही कमी. अशा ठिकाणी एच.२६४ मधलं १०८०पी, १० ते १२ एमबीपीएस, हे सगळ्यात बिनधोक. एच.२६५ जुन्या टीव्हीवर उघडेलच असं नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. नाटकाचे प्रवेशवार तुकडे करा, नाहीतर पेनड्राइव्ह एक्सफॅट करून तो टीव्हीत चालतो का ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

युट्यूबची अपलोडसाठीची शिफारस सेकंदाला २४ ते ३० फ्रेमना अशी आहे: ७२०पीला ५, १०८०पीला ८, १४४०पीला १६, फोरकेला ३५ ते ४५ एमबीपीएस. ६० फ्रेमना साधारण दीडपट. युट्यूब तुमची फाइल पुन्हा आपल्या पद्धतीने दाबतंच, त्यामुळे वर जाणारी फाइल जरा सढळ असलेली बरी. फोरकेचा एक वेगळा फायदा इथे आहे. वर चढवलेल्या फोरकेला युट्यूब बघताना जास्त बिटरेट देतं, म्हणून समुद्राचा व्हिडिओ तिथे फोरकेत टाकला तर खरोखर फरक दिसतो. पण गावात अपलोडचा वेग २-३ एमबीपीएस असेल, तर दहा मिनिटांच्या ४० एमबीपीएस फाइलला, म्हणजे ३ जीबीला, दोन ते साडेतीन तास लागतील. लाइट गेली नाही तर.

पायरी ४: शूटिंगआधी फोन लावून घ्या

नवख्याने सुरुवात १०८०पीने करावी. बहुतेक फोन त्यात साधारण १५ ते २० एमबीपीएस देतात, म्हणजे पिक्सेलमागे बिटांचा वाटा चांगला असतो. १७ एमबीपीएस धरले तर तासाला ७.६५ जीबी, सहा तासांच्या नाटकाला ४६ जीबी. फोरके ४५ एमबीपीएसने तासाला २० जीबीच्या वर जातं आणि फोन तापतो तो वेगळाच. काही फोनमध्ये किंवा प्रो व्हिडिओ ॲपमध्ये बिटरेट स्वतः निवडता येतो. तसा असेल तर १०८०पीला २० ठेवा आणि विसरा.

फ्रेमरेट आणि शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश मिळतो ते) हा मुद्दा सहसा सांगितला जात नाही, म्हणून थोडा थांबतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोन ३० फ्रेमवर आणि शटर स्वयंचलित असेल, तर मंडपातल्या चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. ते दिसायला वाईट आहेतच, शिवाय सगळी फ्रेम सतत बदलत असल्याने बिटही खातात. शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं करा, आणि फोनमध्ये सोय असेल तर २५ फ्रेम निवडा. दिवसा, हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव काढताना, याची चिंता नाही. तिथे ३० किंवा ६० काहीही चालतं.

डिजिटल झूम करू नका. मागच्या रांगेतून झूम केलेलं फोरके हे कमी पिक्सेलचं चित्र ताणून मोठं केलेलं असतं. पुढे जाऊन बसा.

पायरी ५: एक्स्पोर्ट

एडिटिंग ॲपमध्ये एक्स्पोर्टच्या वेळी "लो", "रेकमेंडेड", "हाय" असं काहीतरी विचारतात. आकडा टाकायची सोय असेल तर आकडाच टाका. शूटिंग १०८०पी असेल तर एक्स्पोर्टही १०८०पी. त्याला फोरके करून तपशील वाढत नाही, फाइल वाढते. उलट दिशेला मात्र जायला हरकत नाही: बिट कमी आहेत असं दिसलं की १०८०पीचं ७२०पी करा, चित्र मऊ होईल पण फुटणार नाही.

लॅपटॉप असेल तर हँडब्रेक वापरा, तेही फुकट. त्यात बिटरेट थेट देण्याऐवजी आरएफ नावाचा दर्जाचा आकडा देता येतो. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. १०८०पीला २० ते २४ ही हँडब्रेकचीच शिफारस आहे. मी दशावताराला २१ आणि समुद्राला २० धरतो. मग कुठल्या प्रवेशाला किती बिट लागतात ते प्रोग्रॅम स्वतः बघतो. रात्रीच्या शूटिंगला फिल्टर्समध्ये एनएलमीन्स नावाचा दाणे काढणारा फिल्टर (डीनॉइज) हलका लावा. दाणे कमी झाले की फाइल बरीच उतरते. जोरात लावलात तर नटांचे चेहरे मेणाचे होतात, तेव्हा हात आखडता.

प्रत्येक एक्स्पोर्टला थोडा दर्जा जातोच. आज कापलं, उद्या नाव टाकलं, परवा संगीत लावलं, असं तीनदा एक्स्पोर्ट करण्यापेक्षा सगळं एकदम करून एकदाच काढा. नुसते तुकडे कापायचे असतील तर लॉसलेसकटसारखा प्रोग्रॅम पुन्हा न दाबता कापून देतो. तो की-फ्रेमवर कापतो, म्हणून एखाद-दोन सेकंद इकडेतिकडे होतील.

आवाजात कंजुषी नको. १९२ केबीपीएसचा (किलोबिट प्रति सेकंद) आवाज तासाला ८६ एमबीच घेतो, आणि नाटकात अर्धी मजा संवादाची आणि मृदंग-झांजांची असते.

संपूर्ण नाटक एक्स्पोर्टला लावण्याआधी सगळ्यात अवघड वीस सेकंद शोधा: युद्ध, गुलाल, लाट. तेवढाच तुकडा दोन-तीन सेटिंगांनी काढा आणि जिथे बघायचाय त्याच पडद्यावर बघा. लॅपटॉपवर डोळे फोडून काही कळत नाही.

पाठवताना आणि लाइव्ह करताना

व्हॉट्सॲपवर गॅलरीतून व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातोच. एचडी निवडलं तर थोडा कमी. मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते. त्याहून मोठी असेल तर गूगल ड्राइव्हची लिंक द्या आणि ग्रुपवर एक मिनिटाचा तुकडा टाका. चाकरमानी लोकलमध्ये तेवढाच बघतात.

लाइव्हचा नियम वेगळा. इथे दर्जा तुम्ही ठरवत नाही, रेंज ठरवते. स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा आकडा बघा, डाउनलोडचा नाही, आणि त्याच्या निम्माच बिटरेट वापरा. अपलोड ४ असेल तर २ एमबीपीएस. एवढ्यात देवळातलं भजन ७२०पीत नीट जातं, पण नाचणारी पालखी ४८०पीत पाठवलेली बरी. चाचणी दुपारी रिकाम्या देवळात घेऊन उपयोग नाही. आंगणेवाडीसारख्या मोठ्या जत्रेत हजारो फोन त्याच टॉवरवर असतात, दुपारचा आकडा रात्री कुठल्या कुठे जातो. जवळच्या घरात फायबर असेल तर तिथून केबल ओढा. लाइव्हसाठी ओबीएस हा प्रोग्रॅम वापरत असाल तर रेट कंट्रोल सीबीआर आणि की-फ्रेमचं अंतर २ सेकंद.

चित्र वाईट दिसतंय, पण दोष कुणाचा?

हलत्या भागात चौकोनी ठोकळे आणि स्थिर भाग ठीक: बिटरेट कमी पडला. सगळंच सारखं मऊ, शांत प्रवेशातसुद्धा: रिझोल्यूशन कमी, नाहीतर लहान चित्र ताणलेलं. संध्याकाळच्या आकाशात रंगांच्या पायऱ्या दिसत असतील तर आधी बिटरेट वाढवून बघा. तरी राहिल्या तर त्या ८ बिट रंगाच्या मर्यादेच्या आहेत. हात-तलवार पुसट, पण ठोकळे नाहीत: शटर मंद, बिटरेटचा संबंध नाही. मूळ फाइल स्वच्छ आणि ग्रुपवरची वाईट: पाठवण्यात गेलं.

आणि सगळा व्हिडिओ धुक्यातून काढल्यासारखा, दिव्यांभोवती वलयं: हे खाऱ्या वाऱ्याचं काम. किनाऱ्यावर अर्धा तास उभं राहिलं की लेन्सवर मिठाचा पातळ थर बसतो. एसी गाडीतून उतरल्या-उतरल्या दमट हवेत काच घामेजते, त्याचा परिणामही असाच दिसतो, पण तो थोडा वेळ थांबलं की आपोआप जातो. मीठ जात नाही. मायक्रोफायबरचं कापड खिशात ठेवा, आधी फुंकर किंवा ब्लोअरने वाळूचे कण उडवा, मग किंचित ओल्या कापडाने पुसा. शर्टाच्या टोकाने पुसलंत तर काचेवर चरे पडतात.